मास्तरांची तारीख

अण्णा, तुमच्या फोटोखाली काय लिहायचं यावरून परवा तुमच्या घरात वाद झाला. तो मीच लावला, म्हणून तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मीच सांगते.

फ्रेमवाल्यानं तीन गोष्टी मागितल्या होत्या. नाव, जन्म, मृत्यू. वहिनींनी तुमच्या आधार कार्डावरची जन्मतारीख सांगितली, एक जून. मी ती कागदावर उतरवून घेत होते, तेवढ्यात भिंतीला टेकून बसलेल्या तुमच्या आई म्हणाल्या, "त्या दिशी कोण जलमलंय?"

"आई, सगळीकडं तीच तारीख आहे त्यांची," वहिनी म्हणाल्या. तेराव्याच्या कामानं त्यांचा आवाज पार बसला होता.

"आसंल. म्हणून काय तवा जलमला व्हय?"

मला गप्प बसता आलं असतं. पण तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. मी विचारलं, "मग कधी, आई?"

"बेंदराच्या आदल्या दिशी. ह्याचा बा बैलाच्या शिंगास्नी रंग लावत हुता, आन हिकडं माझ्या पोटात दुखाय लागलं. रंगाच्या हातानंच सुईणीला बलवाय गेल्ता."

आता आपल्या सीमेवरच्या गावांत बैलांचे सण दोन. कर्नाटकी बेंदूर आधी, महाराष्ट्री बेंदूर त्यानंतर महिन्यानं. माझ्या तोंडून निघून गेलं, "कुठला बेंदूर? कर्नाटकी का महाराष्ट्री?"

आई माझ्याकडं बघतच राहिल्या. शिकलेल्या पोरीला एवढं कसं कळत नाही, असा तो चेहरा. "आमच्यात दोन्ही करत्यात की," त्या म्हणाल्या.

वहिनी हसल्या. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. आणि हसता हसताच त्यांनी पदर तोंडाला लावला. मी कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि फ्रेमवाल्याला फोन केला, जरा थांबा.

फोटो थांबू शकत होता. सोमवार थांबणार नव्हता. सोमवारी आपण ज्या हॉस्पिटलचं काम करतो त्याचं नवं सॉफ्टवेअर सुरू व्हायचं आणि त्याला निरोप पोचवणाऱ्या आपल्या सॉफ्टवेअरमध्ये तुम्ही लिहिलेली ती एक जूनची ओळ तशीच बसलेली. काढायची का ठेवायची, हे तुम्हाला न विचारता ठरवायची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली होती. मी घाबरले होते, अण्णा. अजूनही घाबरलेलीच आहे.

आपलं काम काय, हे तुम्ही माझ्या आईला एकदा समजावून सांगितलं होतंत. ती गावाहून बेंगळूरला, कोरमंगलाच्या माझ्या खोलीवर राहायला आली होती आणि तुम्ही वहिनींना घेऊन जेवायला आला होतात. तिनं विचारलं, तुम्ही दोघं दिवसभर करता तरी काय? मला या प्रश्नाचं धड उत्तर कधी देता आलं नव्हतं. मी सॉफ्टवेअर म्हणायचे, ती कॉम्प्युटर म्हणायची, आणि विषय संपायचा. तुम्ही समोरचं ताट पुढं ओढलंत.

"मावशी, ह्या घरातनं त्या घरात ताट जातंय. रोज, सारखं. ताटात कुठल्या वाटीत काय, ते दोन्ही घरांनी आधी ठरवलंय. आमटीच्या वाटीत कोणी भात घातला, की पलीकडची बाई ताट तसंच परत पाठवती. का पाठवलं ते मात्र सांगत न्हाई. मग कुठल्या वाटीत काय चुकलं, ते आम्ही हुडकायचं."

आईनं विचार केला. "एवढ्यासाठी बेंगळूरला जायाचं व्हय?"

तुम्ही एवढे हसलात की तुम्हाला ठसका लागला. पण ते अगदी बरोबर होतं. एका सॉफ्टवेअरनं दुसऱ्याला निरोप द्यायचा, त्यात आकड्याच्या जागी आकडा हवा, मजकुराच्या जागी मजकूर, तारखेच्या जागी तारीख. चुकलं की ताट परत. माझ्या आईला तेव्हापासून माझं काम कळतं. ती फोनवर विचारते, "आज किती ताटं परत आली?"

आपली ओळखसुद्धा तारखेनंच झाली. आपल्या ऑफिसात ज्याचा वाढदिवस त्याच्या नावाची मेल सकाळी आपोआप सगळ्यांना जाते आणि दुपारी पँट्रीत केक येतो. मी नवीन होते. त्या वर्षीच्या एक जूनला केकवर दोन नावं होती, सदाशिव आणि संगीता. लोकांनी टाळ्या वाजवल्या, गाणं म्हटलं. तुम्हाला मी तोवर फक्त लांबून पाहिलं होतं, मोठे साहेब म्हणून. तुम्ही सुरी माझ्या हातात दिलीत आणि कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात मराठीत विचारलंत, "कुठल्या गावचे मास्तर?"

दुसऱ्या कोणाला त्या प्रश्नाचा अर्थ लागला नसता. मला लगेच लागला. आपल्याकडं जन्माची तारीख कोण लिहून ठेवतंय? शाळेत नाव घालायला नेलं की मास्तर पोराला समोर उभं करायचे. उजवा हात डोक्यावरून पलीकडं ने, डावा कान धर. कान हाताला लागला की सहा वर्षं पूर्ण. मग मास्तर तारीख घालायचे, एक जून, कारण शाळा जूनमध्ये उघडते. आपल्या भागातली अर्धी माणसं अशी एका दिवशी जन्मली आहेत.

मी तुम्हाला गाव सांगितलं, मास्तरांचं नाव सांगितलं. आणि हेही सांगितलं की माझा कान हाताला लागला नव्हता. मी बारकी होते. मास्तरांनी माझ्या आईकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि कोपराला खालून हळूच वर ढकललं. कान लागला. माझ्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेज आतून पाहिलं नव्हतं. मी पाहिलं, आणि पहिल्या वर्गात पास होऊन बाहेर पडले. हे मी कोणापासून लपवत नाही. पण त्याची सुरुवात त्या कोपरापासून झाली, हे मी तोवर कोणालाच सांगितलं नव्हतं.

तुम्ही केकचा पहिला तुकडा उचलून बाजूला ठेवलात. "हा मास्तरांचा. आज वाढदिवस आपला न्हवं, त्यांचा." त्यानंतर दर वर्षी आपण तसंच केलं. लोकांना वाटायचं, कुठला तरी देवाचा नैवेद्य आहे.

तुम्ही मला कधी 'खेड्यातली असून हुशार आहे' असं म्हटलं नाहीत. बाकी पुष्कळांनी म्हटलं, कौतुकानंच. तुम्ही फक्त काम हातात दिलंत आणि चुकलं की चुकलं म्हणालात. यासाठी मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. मानले असते तर तुम्ही म्हणाला असतात, "बरं, पुढचं ताट बघ."

तुमची ती वाचायची पद्धत मला सुरुवातीला किती झोंबली होती. एका लॅबचे रिपोर्ट पलीकडं जात नव्हते. चूक सांगणाऱ्या संदेशात एवढंच की 'नोंद मान्य नाही'. कुठली नोंद, का मान्य नाही, काही नाही. सकाळपासून मी कोडमध्ये डोकं घालून बसले होते. तुम्ही खुर्ची ओढून शेजारी बसलात.

"निरोप काढ. जो गेला तोच. आपल्याला वाटतंय की गेला, तो न्हवं."

काढला.

"आता वाच. मोठ्यानं."

"अण्णा, मला वाचता येतं."

"मला बी येतंय. म्हणून तर चुकतंय. वाचता येणारा माणूस पुढचा शब्द आधीच धरून चालतो."

कुठल्या जागी काय हवं, तो कराराचा कागद तुम्ही घेतलात. मी गेलेलं वाचायचं, तुम्ही मागितलेलं वाचायचं. बरोबर असलं की तुम्ही कन्नडमध्ये 'सरी' म्हणायचं. सगळा मजला ऐकत होता.

"पेशंटचा नंबर."

"मजकूर. सरी."

"तपासणीचा दिवस."

"तारीख. सरी."

"हिमोग्लोबिन, अकरा पूर्णांक दोन ग्रॅम."

"आकडा." आणि तुम्ही थांबलात. "आकड्याला ग्रॅम असतंय व्हय?"

लॅबमध्ये नवीन मशीन आलं होतं आणि ते आकड्याला ग्रॅम चिकटवून पाठवत होतं. सकाळपासून ते माझ्या डोळ्यांसमोर होतं. मी ते वाचत होते, पण बघत नव्हते. मला लाज वाटली आणि रागही आला. तुम्ही कन्नडमध्ये "आयतु" म्हणालात, म्हणजे झालं, आणि मला खाली दर्शिनीत, उभ्यानं खायच्या हॉटेलात, घेऊन गेलात. उभ्या टेबलावर एक बाय-टू कॉफी, एका कॉफीचे दोन ग्लास. जास्त भरलेला ग्लास तुम्ही माझ्याकडं सरकवलात. तेवढ्यावर मी राग सोडला.

पण एका बाबतीत मी तुमचं कधीच ऐकलं नाही, आणि तुम्ही माझं.

हॉस्पिटलच्या लहान शाखांमध्ये, चिकोडीकडं, निपाणीकडं, नोंदणीचं सॉफ्टवेअर जुनं. तिथं जन्माच्या जागी क्लार्क काहीही लिहू शकतो. नुसतं वर्ष. 'साठ'. 'अंदाजे'. ती जागा मजकुराची आहे, मजकूर सगळं पोटात घेतो. पलीकडच्या सॉफ्टवेअरला मात्र पूर्ण तारीख हवी, दिवस, महिना, वर्ष. नाहीतर ताट परत. तुम्ही मध्ये एक ओळ घातलीत. नुसतं वर्ष आलं, किंवा वयावरून वर्ष काढता आलं, तर त्याला एक जून जोडा आणि पुढं पाठवा. दुसऱ्या कोणी एक जानेवारी जोडली असती. सगळं जग तेच करतं. तुम्हाला एक जूनच सुचली. मला हसू आलं होतं ती ओळ पहिल्यांदा पाहिली तेव्हा. मग आलं नाही.

"अण्णा, हे खोटं आहे."

"खोटं न्हवं, रीत हाय."

"आपल्याला माहीत नाही ती तारीख आपण पाठवतोय. पलीकडच्याला वाटतंय ती खरी आहे."

"मग काय करू? परत पाठवू? चिकोडीच्या काउंटरवर म्हातारी उभी हाय. तिला सांगू, जा, तारीख घेऊन ये? कुठनं आणंल ती?"

"म्हणून आपण बनवून द्यायची?"

"मास्तरांनी तुझं कोपर ढकललं न्हवतं काय?"

हे मीच तुम्हाला सांगितलं होतं, आणि तुम्ही ते असं जपून ठेवलंत, वादात काढायला. तुम्ही कॉफीचा ग्लास संपवून निघालात.

हा वाद मग आपल्यात घरातल्या जुन्या भांडणासारखा राहिला. दर काही महिन्यांनी निघायचा. मी म्हणायचे, ताट परत गेलं पाहिजे. तुम्ही म्हणायचात, माणूस परत जाता कामा नये. त्या शुक्रवारी शेवटचं तुम्ही म्हणालात, "तुझं खरं हाय, संगे. पर लई कडक हाय. स्वल्प मऊ कर." आणि बॅग खांद्याला लावून गेलात. दुसऱ्या दिवशी सकाळी जयनगरच्या बागेत फिरायला गेलात, बाकावर बसलात, आणि उठला नाहीत.

मला उत्तर सुचलं होतं, अण्णा. त्याच शुक्रवारी, बसमध्ये. ते तुम्हाला सांगायचं म्हणून मी मनात घोळवत घरी गेले. ते असं होतं, की मास्तरांना मी दिसत होते. मी त्यांच्यासमोर उभी होते. माझा हात किती लांब, माझे दात कुठले पडलेत, माझ्या आईच्या तोंडावर काय आहे, सगळं बघून त्यांनी कोपर ढकललं. आपल्याला ती म्हातारी दिसत नाही. आपल्यासाठी ती एक ओळ आहे. न बघता ढकललेलं कोपर कुठं जाऊन लागेल, ते आपल्याला कळत नाही.

या उत्तरावर तुम्ही काय म्हणाला असतात, हे मी पुष्कळदा जुळवून बघते. जुळत नाही. तुम्ही नेहमी मला सुचणार नाही तेच म्हणायचात.

तुम्ही गेल्यावर त्या नव्या सॉफ्टवेअरची चाचणी झाली. त्यात एक सोय आहे, जी जुन्यात नव्हती. एकाच माणसाची दोनदा नोंदणी झाली असेल तर ते स्वतःच ओळखतं आणि दोघांना एक करतं. नाव तेच, जन्मतारीख तीच, तालुका तोच, म्हणजे माणूस तोच. शहरात हे बरोबर चालतं. चाचणीसाठी जुन्या नोंदींची नक्कल वापरली होती, नावं यंत्राला दिसणारी, आम्हाला झाकलेली. जोडलेल्या जोड्यांची यादी माझ्याकडं आली. मी तारखेचा रकाना बघितला. एक जून. खाली एक जून. त्याच्या खाली एक जून.

मी यादी परत वरून वाचायला घेतली.

आपल्याकडं एका नावाच्या बायका एका तालुक्यात किती असतात, तुम्हाला सांगायला नको. त्यांचं वर्ष एक आलं, की उरलेली तारीख आपणच सारखी करून दिली. एका जोडीत एकीच्या नोंदीवर शेरा होता, पेनिसिलिन चालत नाही. दुसरीच्या नोंदीवर नव्हता. दोघींची एक झाल्यावर तो शेरा गेला होता, कारण दुसरीची नोंद नवीन होती आणि नवीन ती वर राहते. ही नुसती चाचणी होती, कोणाला काही झालं नाही. पण सोमवारनंतर ती चाचणी राहणार नव्हती. ती बाई काउंटरवर येणार, आणि तिथल्या पडद्यावर तिला सगळी औषधं चालत असणार.

माझी आई शुगरच्या गोळ्या त्याच हॉस्पिटलच्या शाखेतून घेते. तीही काउंटरवर नुसतं वर्ष सांगते. खऱ्या नोंदी उघडून बघायची आम्हाला परवानगी नाही आणि मी बघितलं नाही. पण त्या दुपारी जिन्यात जाऊन मी तिला फोन लावला.

"आई, तुझ्या नावाची आणखी कोण बाई आहे का गं आपल्याकडं?"

"लई हायती. का गं?"

"काही नाही. सहज."

"सहज कोण इचारतंय असलं? जेवलीस का?"

मी मॅनेजरला जाऊन सगळं दाखवलं. तो म्हणाला, "मग सोपं आहे. ती ओळ काढून टाक. पूर्ण तारीख नसेल तर परत पाठव." अण्णा, हे मी तुम्हाला इतकी वर्षं सांगत होते. मी वाद जिंकले होते, आणि समोर तुमची रिकामी खुर्ची. मी फाइल उघडली. ओळ निवडली. आणि माझं बोट काही खाली जाईना.

तुमच्या आठवणीनं नव्हे. माझ्या आईमुळं. तिला कोणी परत पाठवलं तर ती भांडत नाही, काउंटरवर हात आपटत नाही. ती "बरं" म्हणते आणि घरी येते. परत जात नाही. मग गोळ्या संपतात आणि ती मला सांगत नाही. ओळ ठेवली तर कोणा बाईचा शेरा पुसला जाणार. ओळ काढली तर कोणी बाई घरी परत जाणार. दोन दिवस मी एवढाच विचार करत होते. जेवताना, बसमध्ये, तुमच्या घरी फोटोची तारीख उतरवून घेताना.

आणि तिथं तुमच्या आईंनी ते बेंदराचं सांगितलं. घरी जाताना मला वाटलं, त्यांना माहीत नाही असं कुठं आहे? त्यांना पुष्कळ माहीत आहे. शिंगांचा रंग माहीत आहे. फक्त आपल्या वाटीत मावेल असं ते नाही. मग चूक वाटीची.

काल दुपारी मी प्रवीणला फोन केला. तो पलीकडच्या, त्या नव्या सॉफ्टवेअरच्या टीममधला, उत्तरेकडचा आहे, आम्ही हिंदीत बोलतो. तुमचं त्याच्याशी कधी पटलं नाही. त्यानं आधी नेहमीचंच सांगितलं, की ती जागा तारखेची आहे, अर्धी तारीख येऊ शकत नाही, आणि आता शेवटच्या क्षणी करार बदलायला कोण सांगणार. मी म्हटलं, "प्रवीण, एक काम कर. चाचणीत तुझ्याकडं आलेल्या तारखा वाच. मोठ्यानं."

"वाचू? फोनवर?"

"हो. मी इकडं काउंटरवरून काय निघालं ते वाचते. तू तुझ्याकडं काय पोचलं ते वाच."

त्याला वाटलं असणार, ही दुःखात आहे, करू दे. मी सुरू केलं.

"नुसतं वर्ष."

"एक जून."

"नुसतं वर्ष, पुढं अंदाजे."

"एक जून."

"वय पासष्ट."

"एक जून."

असं बराच वेळ चाललं. हळूहळू त्याचा आवाज मंदावला. मग तो थांबला. "संगीता, या दिवशी तुमच्याकडं काही सण असतो का?"

"शाळा उघडते," मी म्हटलं.

त्याला कळलं नाही. मग मी त्याला हात आणि कान सांगितला, मास्तर सांगितले. कोपराचंही सांगितलं. तिकडं खुर्ची करकरली. तो म्हणाला, "माझा लागला." तो तिथं बसून कान धरून बघत होता. आणि मग म्हणाला, "माझ्या आजोबांचा वाढदिवस एक जानेवारीला असायचा. मला लहानपणी वाटायचं, काय नशीबवान माणूस आहे."

त्यानंतर करार बदलायला त्यानंच त्याच्या लोकांशी भांडण केलं. रात्रभर दोन्हीकडची माणसं बसली, आणि आता जन्माच्या जागी एक वाटी नाही, तीन आहेत. वर्ष, महिना, दिवस. जे माहीत नाही तिथं 'माहीत नाही' जातं, आणि ताट परत येत नाही. जिथं 'माहीत नाही' असेल तिथं सॉफ्टवेअर दोन माणसांना स्वतः जोडणार नाही. ते शाखेतल्या माणसाला विचारणार, बघा, ही तीच का?

जुन्या नोंदींचं अवघड होतं. त्यातल्या कुठल्या एक जून तुमच्या ओळीच्या, कुठल्या मास्तरांनी घातलेल्या, तुमच्यामाझ्यासारख्या, आणि कोण खरोखर त्या दिवशी जन्मलेलं, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. तुम्ही असतात तरी सांगता आलं नसतं. म्हणून नियम असा केला की एक जून दिसली की यंत्रानं हात लावायचा नाही, माणसानं बघायचं. प्रवीणनं त्यात एक जानेवारीही घातली. आजोबांसाठी, असं तो म्हणाला नाही, पण मला कळलं.

तुमची ओळ मी काढली, अण्णा. काढायच्या आधी मोठ्यानं वाचली. पलीकडून 'सरी' म्हणायला कोणी नव्हतं, म्हणून जरा थांबले, आणि मग काढली.

आज रविवार. उद्या सकाळी शाखा उघडतील आणि हे सुरू होईल. हे लिहिताना माझं अर्धं लक्ष फोनकडं आहे. चाचणी पुन्हा घेतली, ती जोडी आता जुळत नाही, तो शेरा जागेवर आहे. तरी एक प्रश्न उरतोच. गर्दीच्या वेळी क्लार्क समोर बघणारच नाही, नुसतं 'हो, तीच' दाबून मोकळा होईल, तर? वाटी मला करता आली. बघणारा मास्तर मला कुठून आणता येणार? मी उद्या सकाळी सगळ्या शाखांना स्वतः फोन करणार आहे. मॅनेजर म्हणाला, ते आपलं काम नाही. मी म्हटलं, असेल. आईला मात्र सांगून ठेवलंय, काउंटरवर कोणी काही विचारलं तर "बरं" म्हणून घरी यायचं नाही, उभं राहायचं, आणि मला फोन लावायचा.

फोटोचंही झालं. फ्रेमवाल्याला जन्माच्या ओळीत नुसतं वर्ष दिलं. तो म्हणाला, दिवस-महिना नसला तर अर्धवट दिसेल. मी म्हटलं, आम्हाला माहीत आहे तेवढंच घाला. वहिनींना पटलं. तुमच्या आईंना वाचता येत नाही. त्यांनी फोटोवरून हात फिरवला आणि विचारलं, "काय लिवलंय?" मी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं.

एक जूनला केक येईल. त्यावर तुमचं नाव असेल की नसेल, मला माहीत नाही. पहिला तुकडा मी मास्तरांसाठी बाजूला ठेवीन. तुमच्या वाढदिवसाला मात्र तुमच्या आईंना फोन करीन, कर्नाटकी बेंदराच्या आदल्या दिवशी. आणि महिन्यानं, महाराष्ट्री बेंदराच्या आदल्या दिवशी, परत करीन. त्या म्हणतील, "मागं केल्तास की गं फोन. आता परत कशाला?"

मी म्हणेन, आमच्यात दोन्ही करत्यात की.